इंग्रजी शब्दाचा अर्थ कळतो, पण रोख कळत नाही: वाचताना नेमकं काय बघायचं?

वाचनखूण:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात पदवीचे आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी इंग्रजी अग्रलेख, निबंध आणि थोड्या कविता वाचतात. व्याकरण फारसं अडत नाही, शब्दही बहुतेक ओळखीचे असतात. गाडी अडते ती "लेखकाचा सूर कोणता?" या प्रश्नावर. अडचणीच्या जागा अशा आहेत.

"थ्रिफ्टी", "फ्रूगल", "स्टिंजी", "मायझर्ली" या चौघांपुढे इंग्रजी-मराठी कोशात काटकसरी, कंजूष, चिक्कू हेच शब्द आलटून पालटून येतात. कौतुक कुठे संपलं आणि टीका कुठे सुरू झाली, हे त्यातून कळत नाही.

"द मिनिस्टर क्लेम्ड" आणि "द मिनिस्टर पॉइंटेड आउट" या दोन्हींचं भाषांतर मुलं "मंत्री म्हणाले" असंच करतात आणि तिथेच उत्तर हुकतं.

"इन्फ्लेशन इज ईटिंग इंटू सेव्हिंग्ज" याला रूपक म्हणायचं, चेतनगुणोक्ती म्हणायची की नुसता वाक्प्रचार? आणि रसग्रहणात ट्रान्सफर्ड एपिथेट आणि पर्सॉनिफिकेशन यांची गल्लत तर नेहमीचीच.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून झाल्या, उपयोग झाला नाही. अनोळखी वाक्य समोर आलं की कोणत्या क्रमाने काय तपासायचं, अशी पद्धत कुणी सांगेल का?

कोशवाला:
यादीचा उपयोग होत नाही, कारण यादीत शब्द एकटा असतो आणि छटा ठरते ती सोबतीवरून. "कॉज" हे क्रियापद घ्या. अर्थ साधा, घडवून आणणं. पण छापील इंग्रजीत त्याच्या पुढे बहुतेक वेळा डॅमेज, प्रॉब्लेम्स, डिले, पेन, कन्सर्न असे शब्द येतात. त्यामुळे "द न्यू टीचर कॉज्ड अ ग्रेट इम्प्रूव्हमेंट" हे वाक्य व्याकरणात बसलं तरी कानाला खटकतं, तिथे "ब्रॉट अबाउट" हवं. मराठीत "कारणीभूत"चं असंच आहे. अपघाताला कारणीभूत म्हणतो, मुलाच्या यशाला कुणी "कारणीभूत" ठरत नाही.

"सेट इन" हे आणखी ठळक उदाहरण. सेट इन होतात ते पॅनिक, डिस्पेअर, इन्फेक्शन, रॉट. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या गटाने संगणकावर साठवलेल्या मजकुरातून १९८७ साली कोबिल्ड कोश तयार केला, त्या कामात हे झुकाव दिसू लागले. १९९३मध्ये बिल लोऊ यांच्या लेखामुळे त्याला "सिमँटिक प्रॉसडी" हे नाव रूढ झालं. नाव विसरलात तरी चालेल, तपासायची रीत लक्षात ठेवा.

पहिली पायरी म्हणजे इंग्रजी-मराठी कोश बाजूला ठेवून ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स किंवा केंब्रिजचा विद्यार्थी-कोश उघडणं. व्याख्येच्या आधी तिरप्या अक्षरांत एक खूण असते: अप्रूव्हिंग, डिसअप्रूव्हिंग, फॉर्मल, इन्फॉर्मल, ह्यूमरस, ओल्ड-फॅशन्ड, ऑफेन्सिव्ह. मुलं ती ओलांडून थेट अर्थावर जातात. तुमच्या चौकडीत "थ्रिफ्टी" कौतुकाकडे आणि "मायझर्ली" निंदेकडे, हे या खुणेवरूनच कळतं. खूण नसेल तर शब्द बहुधा तटस्थ असतो, किंवा त्याची छटा सोबतीवर बदलते. "फ्रूगल" असा बदलणारा आहे. माणसाला लावला तर साधं, संयमी राहणं आणि सूर बहुधा बरा. जेवणाला लावला, "अ फ्रूगल मील", तर ताटात फार काही नव्हतं एवढंच.

दुसरी पायरी कॉर्पसची, म्हणजे छापील आणि बोलल्या गेलेल्या मजकुराच्या, संगणकावर शोधता येणाऱ्या साठ्याची. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्दांचा मजकूर आहे, अमेरिकन इंग्रजीच्या कोका या कॉर्पसमध्ये १०० कोटींहून जास्त. नाव नोंदवलं की ठरावीक मर्यादेत फुकट शोधता येतं. शब्द टाकायचा, ३० ओळी घ्यायच्या, मधला शब्द हाताने झाकायचा आणि डावी-उजवीकडचे चार-चार शब्द वाचून प्रत्येक ओळीपुढे अधिक, उणे किंवा शून्य लिहायचं. २० किंवा त्याहून जास्त ओळी एकाच बाजूला गेल्या की झुकाव पक्का समजायला हरकत नाही.

यात चुका होतात त्या ठरलेल्या जागी. एक म्हणजे शब्दाची जात न निवडता शोध घेणं. "फॉर अ गुड कॉज"मधलं नाम क्रियापदाच्या ओळींत मिसळलं की निकाल विस्कटतो. दुसरी, सगळ्या ओळी एकाच प्रकारच्या मजकुरातून घेणं. कथांमधला शब्द आणि शोधनिबंधातला शब्द वेगळा वागू शकतो. तिसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे झुकावाला नियम समजणं. लेखक मुद्दाम उलटी सोबत देतो तेव्हा तिथे उपरोध असतो. "बेंट ऑन"च्या पुढे सहसा रिव्हेंज, डिस्ट्रक्शन असतं. कुणी "ही वॉज बेंट ऑन बीइंग काइंड" लिहिलं तर त्या दयाळूपणाला चिमटा काढलाय. झुकाव माहीत नसेल तर हा चिमटा दिसतच नाही.

परीक्षेत कॉर्पस नसतो, तिथे एक झटपट कसोटी चालते: हा शब्द माणूस स्वतःबद्दल वापरेल का? "आय अ‍ॅम थ्रिफ्टी" कुणीही म्हणेल, "आय अ‍ॅम स्टिंजी" सहसा नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात क्रियापद चालवल्यासारखं हे मांडलं होतं: मी ठाम, तू हट्टी, तो डोक्याने डुकरासारखा अडेल मूर्ख. वस्तुस्थिती तिन्हींत एकच, बदललं ते बोलणाऱ्याचं माणसाशी असलेलं अंतर.

सोलापुरी_मास्तर:
कोशवाल्यांशी सहमत. अलंकारांच्या भागाबद्दल लिहितो.

मराठी विद्यार्थ्याला यासाठी नवी चौकट शिकवावी लागत नाही, अभिधा-लक्षणा-व्यंजना पुरते. "गंगेवर गवळ्यांची वस्ती" हे शास्त्रातलं जुनं उदाहरण आठवा. अभिधेने अर्थ लागत नाही, प्रवाहावर वस्ती कशी असेल? लक्षणेने कळतं, काठावर. आणि "काठावर" न म्हणता "गंगेवर" म्हटल्याने जो गारवा आणि पावित्र्य सूचित झालं, ती व्यंजना. इंग्रजी प्रश्नपत्रिकेत "फिगरेटिव्ह मीनिंग" विचारतात तेव्हा लक्षणा हवी असते, "कॉनोटेशन" विचारतात तेव्हा व्यंजना. मुलं दोन्हींना एकच उत्तर देतात, म्हणून गुण जातात.

तुमचंच वाक्य घेऊ. महागाईला तोंड नाही, म्हणजे अभिधा अडली. लक्षणा: बचत हळूहळू कमी होते आहे. व्यंजना: हे कुरतडणं आतून, न थांबता, मालकाच्या नकळत चाललं आहे. "रिड्यूसिंग" लिहिलं असतं तर लक्षणेचा अर्थ जागेवर राहिला असता आणि व्यंजना गेली असती. उत्तर लिहिताना हीच तुलना लिहायची. लेखकाने साधा शब्द कोणता टाळला आणि त्यामुळे काय मिळवलं, या दोन वाक्यांत रसग्रहणाचा गाभा येतो.

एखादा शब्द रूपक आहे की नाही यावर वाद झाला, तर प्रॅगलजॅझ या अभ्यासकांच्या गटाने २००७ साली मांडलेली रीत वापरा. आधी संपूर्ण उतारा वाचा. मग वाक्याचे शब्द सुटे करा, "ईट इंटू" सारखी जोडी एकच धरा. प्रत्येकाचा या वाक्यातला अर्थ लिहा. मग बघा, त्या शब्दाला आजच्या भाषेत याहून मूळ अर्थ आहे का, म्हणजे जास्त ठोस, शरीराशी किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीशी जोडलेला. दोन अर्थ वेगळे असतील आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करून इथला अर्थ समजत असेल, तर रूपक. "ईट इंटू"ला गंज लोखंड खातो तसा ठोस अर्थ आहे, इथे पैसा कमी होणं आहे, तुलना लागते. म्हणून रूपक. चेतनगुणोक्ती म्हणायला मानवी गुण लागतो आणि खाणं कीडसुद्धा करते. "महागाई न विचारता आमच्या पंगतीला येऊन बसली" असं असतं तर चेतनगुणोक्ती.

आता वाक्प्रचार की रूपक? दोन्ही असू शकतं. "ईट इंटू" कोशात नोंदलेलं आहे, म्हणजे रूढ रूपक. "द फूट ऑफ द हिल" तर इतकं झिजलं आहे की त्यात पाय कुणाला दिसत नाही, मराठी "पायथ्या"सारखंच. अशा झिजलेल्यांवर रसग्रहणात ओळ खर्च करू नका. अपवाद एकच. पुढच्या वाक्यात लेखकाने "अँड इट इज स्टिल हंग्री" असं लिहिलं की झिजलेलं रूपक पुन्हा जागं झालं, आणि तिथे ते नोंदवलंच पाहिजे.

पक्क्या वाक्प्रचारांसाठी कर्मणी प्रयोगाची कसोटी आहे. "स्पिल द बीन्स"मध्ये बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणं म्हणजे फोडणं, असे तुकडे जुळतात. म्हणून "द बीन्स वेअर स्पिल्ड" म्हटलं तरी अर्थ टिकतो. "किक द बकेट"चे तुकडे जुळत नाहीत. "द बकेट वॉज किक्ड" म्हटलं की मरण गेलं आणि हातात बादली राहिली. दुसऱ्या जातीच्या वाक्प्रचारात प्रतिमा उलगडत बसू नये. त्यांच्या उगमाच्या रंजक कथांवरही भिस्त ठेवू नये. "रेनिंग कॅट्स अँड डॉग्स"साठी गवती छपरावरून घसरणाऱ्या मांजरांची कथा सगळीकडे फिरते, तिला आधार नाही.

गल्लत होणाऱ्या जोड्या:

"लाइक" किंवा "अ‍ॅज" दिसलं की उपमा, ही सर्वांत मोठी चूक. "शी वर्क्स अ‍ॅज अ नर्स" ही भूमिका झाली. "हर आइज आर लाइक हर मदर्स" ही डोळ्यांची डोळ्यांशी तुलना, जात एकच, म्हणून उपमा नाही. उपमेला दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी लागतात.

ट्रान्सफर्ड एपिथेट ओळखायला विचारा, हे विशेषण जवळपासच्या कुणा माणसाचं आहे का? "अ वेअरी रोड", थकलाय तो वाटसरू, विशेषण रस्त्याला चिकटवलंय. "अ स्लीपलेस नाइट" तसंच. रस्ता स्वतः काही करू लागला, हाक मारू लागला, वाट अडवू लागला, की चेतनगुणोक्ती.

मेटनमी आणि सिनेक्डकी यांत नातं बघा. अवयव किंवा अंश सांगून संपूर्ण सुचवलं तर सिनेक्डकी: "फाइव्ह माउथ्स टू फीड", आपली "खाणारी तोंडं पाच". नुसता संबंध असेल तर मेटनमी: "डाउनिंग स्ट्रीट डिनाइड" (ब्रिटिश पंतप्रधानांचं घर असलेला रस्ता), आपलं "मंत्रालयाने नकार दिला". रस्ता हा पंतप्रधानांचा अवयव नव्हे.

ऑक्सिमोरॉनमधला विरोध दोन लगतच्या शब्दांत मावतो, पॅरडॉक्समधल्या विरोधाला संपूर्ण विधान लागतं. एवढं पुरे.

लेस्टरकर:
वर जे आलं ते उत्तमच. पण एक थर राहिला. काही छटा कोशातही नसतात आणि सोबतीतूनही पटकन कळत नाहीत, कारण त्या हवामानातून आल्या आहेत. शेक्सपिअरच्या १८व्या सुनीतात (छापलं गेलं १६०९ साली) प्रियजनाची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करू का, असं विचारलंय. वैशाख वणव्यात वाढलेल्या वाचकाला ही स्तुती कशी वाटणार? इंग्लंडचा उन्हाळा मऊ, हवाहवासा आणि अतिशय थोडका असतो. तो थोडकेपणाच त्या कवितेचा विषय आहे, मे महिन्यातल्या कळ्यांना वारा झोडपतो ही तक्रार पुढच्याच ओळींत आहे. हे आधी सांगितलं नाही तर मुलं उपमा ओळखतील आणि कविता हातातून जाईल.

पावसाचं याच्या नेमकं उलट. आपल्याकडे आभाळ भरून आलं की जीव सुखावतो. इंग्रजीत "अंडर अ क्लाउड" म्हणजे संशयाच्या छायेत, "अ रेनी डे" म्हणजे अडचणीचा काळ, कुणाच्या आनंदावर विरजण घालणं म्हणजे "रेनिंग ऑन समवन्स परेड". "वॉर्म" आणि "कोल्ड"सुद्धा असेच. इंग्रजी स्वागत ऊबदार असतं, थंड स्वागत म्हणजे अपमान. आपले मात्र डोळे थंड होतात, जिवाला गारवा लागतो आणि तापतो तो माणूस रागीट. "शी गेव्ह हिम अ कोल्ड लुक" या वाक्यात मराठी मुलाला सुरुवातीला शांत नजर दिसू शकते. घुबडाचंही तसंच. आपल्याकडे अशुभ, तिकडे शहाणपणाचं चिन्ह, अथेना देवीच्या पक्ष्यापासून चालत आलेलं.

ब्रिटिश लेखनात कमी बोलून जास्त सांगण्याची रीत पक्की आहे. "नॉट बॅड" म्हणजे बरंच चांगलं. "अ बिट" म्हणजे पुष्कळदा फार. कोरियातल्या युद्धात एप्रिल १९५१मध्ये इमजिन नदीवर ग्लॉस्टरशायर रेजिमेंट वेढली गेली, तेव्हाचा प्रसंग यासाठी नेहमी सांगितला जातो. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, "थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर." ब्रिटिश कानाला याचा अर्थ होता, परिस्थिती भयंकर आहे. अमेरिकन कानाला वाटलं, थोडी अडचण आहे, पण निभावतंय. ते पथक तिथेच अडकलं आणि बहुतेक सैनिक पकडले गेले. दोन्ही बाजूंची मातृभाषा इंग्रजीच होती, हे विशेष.

"क्वाइट" साठी वेगळी वही करा. ब्रिटिश "क्वाइट गुड" म्हणजे ठीकठाक, "गुड"पेक्षा खालीच. अमेरिकन "क्वाइट गुड" म्हणजे चांगलंच चांगलं. पण टोकाच्या विशेषणाआधी, जसं "क्वाइट ब्रिलियंट" किंवा "क्वाइट इम्पॉसिबल", ब्रिटिशांतही अर्थ "अगदी, पुरेपूर" असा होतो.

भारतीय इंग्रजीतले काही शब्द बाहेर रंग बदलतात. विवाहाच्या जाहिरातीतलं "होमली" अमेरिकेत दिसायला सुमार या अर्थी जातं. "स्कीम" आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये सरकारी योजना, अमेरिकन कानाला त्यात कारस्थानाचा वास येतो. "ही इज अ सिंपल मॅन" यात आपल्याला साधेपणाची स्तुती करायची असते, पण नुसतं "ही इज सिंपल" म्हटलं तर बुद्धीने कमी असा अर्थ निघू शकतो.

आणि लिहिण्या-बोलण्यातल्या दोन जागा, कारण त्या थेट मराठीतून येतात. "तुम्ही उद्या आलेलं बरं" याचं "यू हॅड बेटर कम टुमॉरो" केलं की ती तंबी होते, नाही आलात तर बघा. "इट वुड बी बेस्ट इफ यू केम टुमॉरो" म्हणावं. तसंच साध्या प्रश्नाला "अर्थातच" म्हणून "ऑफ कोर्स" उत्तर दिलं तर समोरच्याला वाटतं, एवढंही कळत नाही का, असं सुचवलं जातंय. विनंतीला होकार देताना मात्र तेच "ऑफ कोर्स" प्रेमळ असतं.

वाचनखूण:
मास्तर, "साधा शब्द कोणता टाळला" ही कसोटी लगेच वापरायला घेते. लेस्टरकरदादा, सुनीताचा खुलासा फार मोलाचा. आता उताऱ्यातल्या सुराबद्दल कुणी लिहाल का? पर्यायांत "स्केप्टिकल", "सिनिकल", "अँबिव्हॅलंट", "इंडिफरंट", "ऑब्जेक्टिव्ह" असे शब्द असतात. मुलं उताऱ्यापेक्षा पर्यायांतच जास्त अडकतात.

उतारा_क्र_५:
पर्यायांचा अर्थ आधी पक्का करून घ्या, नाहीतर उतारा कळूनही उत्तर चुकतं. स्केप्टिकल लेखकाला पुरावा पटलेला नसतो. सिनिकल लेखक हेतूवरच अविश्वास दाखवतो, सगळे स्वार्थीच असं धरून चालतो. अँबिव्हॅलंटला दोन्ही बाजू ओढतात, इंडिफरंटला कुठलीच ओढत नाही. ऑब्जेक्टिव्ह म्हणायला छटा असलेले शब्द जवळपास शून्य लागतात.

मग उताऱ्यात तीन प्रकारच्या खुणा पेन्सिलीने टिपा.

सांगण्याची क्रियापदं. "से", "स्टेट", "रिपोर्ट" तटस्थ. "क्लेम", "अलेज" यांत लेखकाने हात झटकलेले असतात. "पॉइंट आउट", "नोट", "शो" यांत पुढचं विधान खरं आहे हे लेखकाने मान्य केलेलं असतं. "अ‍ॅडमिट", "कन्सीड" वापरलं की पुढची गोष्ट बोलणाऱ्याला अडचणीची आहे असं गृहीत धरलेलं असतं. तुमच्या प्रश्नातला मंत्री "क्लेम" करतो तेव्हा दावा करतो, "पॉइंट आउट" करतो तेव्हा लक्षात आणून देतो. मराठी बातमीदार हा फरक रोज पाळतात, मुलांनाही तो येतो. इंग्रजी वाचताना फक्त तो लावायचा राहून जातो.

छोटे शब्द. "सो-कॉल्ड", "मिअरली", "सपोझेडली", "ऑस्टेन्सिबली", आणि एकाच शब्दाभोवतीची अवतरणचिन्हं. वाचनाच्या वेगात नेमके हेच निसटतात.

सांधे. "टू बी शुअर", "ग्रांटेड", "अ‍ॅडमिटेडली" यांच्या मागून बहुतेक वेळा "बट" किंवा "यट" येतो. आधीचा भाग विरोधकाला दिलेली सूट असते, लेखकाचं मत नंतर येतं. सूट दिलेल्या वाक्यालाच लेखकाचं मत समजणं ही मला सर्वाधिक दिसणारी चूक.

सरावासाठी एक उतारा बनवून देतो: "द काउन्सिल क्लेम्स दॅट इट्स सो-कॉल्ड रिजेनरेशन हॅज ब्रीद्ड न्यू लाइफ इंटू द हार्बर. टू बी शुअर, द कॅफेज आर फुल. बट द फिशरमेन हू वन्स क्राउडेड द जेटी आर नाउ प्रिझर्व्ड ओन्ली इन द फोटोग्राफ्स ऑन द कॅफे वॉल्स."

"क्लेम्स"ने शंका, "सो-कॉल्ड"ने दुसऱ्यांदा शंका. "ब्रीद्ड न्यू लाइफ" हे रूपक कौतुकाचं आहे, पण ते काउन्सिलच्या तोंडी आहे, लेखकाच्या नाही. कुठलं रूपक कोणाच्या तोंडी, हे दर वेळी विचारायचं. "कॅफेज आर फुल" ही सूट. "बट"नंतर खरा मुद्दा. आणि "प्रिझर्व्ड" हा शब्द एरवी भला, वारसा जपणं वगैरे, पण इथे जिवंत माणसांना वस्तूसारखा लावलाय, तोही "ओन्ली"सह. नवं जीवन आलं म्हणताहेत तिथे मूळची माणसं भिंतीवरच्या फोटोंत उरली, असा तो विरोध आहे. उत्तर "क्रिटिकल". "स्केप्टिकल" जवळ येतं, पण लेखक शंकेवर थांबत नाही, काय गमावलं ते दाखवतो. "होस्टाइल" नाही, कारण कॅफे भरलेत हे त्याने मान्य केलंय. "सिनिकल"ही नाही, हेतूबद्दल अवाक्षर नाही. टोकाचा पर्याय निवडण्यापूर्वी उताऱ्यात टोकाचा शब्द बोट ठेवून दाखवता यायला हवा.

कोशवाला:
उत्तम विश्लेषण. जुनं साहित्य वाचणाऱ्यांसाठी थोडी भर. छटा काळाप्रमाणे पालटतात आणि आजचा कोश तिथे फसवतो. १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत "कन्डिसेन्शन" हे वरच्या दर्जाच्या माणसाने खालच्यांशी सौजन्याने वागणं या अर्थी स्तुतीनेही येतं, आज तो तुच्छतेचा शब्द आहे. "प्रोपगंडा" १६२२ साली रोममध्ये धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या मंडळाच्या नावातून आला. त्यावरचा आजचा काळा रंग मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतरचा. "ऑफुल" म्हणजे एकेकाळी आदरयुक्त भय वाटावं असं. १९००पूर्वीचा मजकूर असेल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली वर्षांसह वाक्यं दिलेली असतात, आपल्या पुस्तकाच्या जवळच्या वर्षाचं वाक्य बघायचं.

सोलापुरी_मास्तर:
अर्थविषयक पानांबद्दल राहिलं, स्पर्धा परीक्षांचे अग्रलेख बरेचसे तिथलेच असतात. तिथे एकच शब्द कधी परिभाषा असतो, कधी अलंकार. "हेअरकट" म्हणजे धनकोने येण्यातल्या रकमेवर सोडलेलं पाणी. दिवाळखोरी संहिता २०१६मध्ये आल्यापासून आपल्या बातम्यांत हा शब्द सतत दिसतो. बँकेच्या अहवालात त्याला रंग नाही, ती नुसती संज्ञा. पण अग्रलेखात "अ पेनलेस हेअरकट, फॉर एव्हरीवन बट द डिपॉझिटर" असं आलं, तर लेखकाने शब्दातला सौम्यपणा, केस कापले तर दुखत नाही, तो पकडून उलटवलाय. "हेडविंड्स" (समोरून येणारे वारे), "ग्रीन शूट्स" (हिरवे कोंब), "सॉफ्ट लँडिंग" (मंदीचा धक्का न बसता अर्थव्यवस्थेचा वेग उतरणं) यांचंही तसंच. "हेडविंड्स" वापरताना कंपनी सुचवते की अडचण बाहेरून आली, आमची चूक नाही. "ग्रीन शूट्स" म्हणणारा उभारी येत असल्याचं सांगतो, पण कोंब अजून कोवळे आहेत ही सावधगिरीही त्यातच असते. मुलांना अशा शब्दापुढे दोन गोष्टी लिहायला लावा: तो अहवालात आलाय की मतप्रदर्शनात, आणि त्या वाक्यात दोष कोणाच्या माथी जातोय.